न चाखलेला पिलाव

पिशवी मांडीवर ठेवल्यावर शुभदाला कळलं, की ती गार आहे. फॉयरबाखच्या खाटकाने ती काउंटरवरून पुढे केली तेव्हा घाईत काही जाणवलं नव्हतं. आता एस-बान सुटली, समोरच्या काचेत स्वतःचा चेहरा दिसायला लागला, आणि जाड कोटातून तो गारवा हळूहळू मांडीपर्यंत आला. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा मटण विकत घेतलं होतं. मिरजेच्या ज्या घरात जेवताना अंड्याचं नावसुद्धा काढत नसत, त्या घरची ही लेक. जर्मनीत इतकी वर्षं काढूनही बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं चष्मा पुसून पुसून वाचणारी. आणि आज मेंढीचं मांस मांडीवर घेऊन, दोन्ही हात त्यावर ठेवून, तान्ह्या मुलाला घेऊन बसावं तशी बसली होती. डब्यातल्या एकाही माणसाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. तरी तिला वाटत होतं, की सगळ्यांना कळलंय. आणि नशीब असं, की पुढच्याच स्टेशनवर नीता चढली.

नीता म्हणजे स्टुटगार्टच्या मराठी मंडळाची सर्वेसर्वा. मंडळाच्या गणपतीचा मसालेभात दर वर्षी शुभदाने करायचा, हे नीतानेच ठरवून टाकलेलं. "अगं, तू इकडे कुठे? तुर्काकडे भाजीला?" म्हणत ती समोर बसली. शुभदा म्हणाली, "हो, बटाटे." "बटाट्यांसाठी फॉयरबाख? तुमच्या कोपऱ्यावर मिळत नाहीत?" "मिळतात. पण ते फार पिठूळ असतात." हे बोलताना आपले कान तापलेत, हे तिला जाणवलं. खोटं नव्हतंच म्हणा. पिशवीच्या तळाशी खरोखर बटाटे होते, पिलावात बटाटे लागतात. नीता दिवाळीच्या कार्यक्रमाबद्दल बोलत राहिली, हॉलचं भाडं, कोणाची मुलगी नाचणार, आणि शुभदा "या, या" करत राहिली. जर्मन होकार तोंडात असा बसला होता, की मन भलतीकडे असलं तरी तो आपापला येत असे. नीता उतरून गेली तेव्हा तिने पिशवी जरा वर उचलून पाहिली. पांढऱ्या कागदावर एक लालसर ओला डाग उमटला होता. तिने पिशवीचं तोंड घट्ट पिळलं आणि बाहेर पाहायला लागली.

हे सगळं तनयासाठी चाललं होतं. तनया, एकुलती एक. बॉनला शिकायला गेली आणि तिथेच रमली. तिथेच तिला इद्रिस भेटला. त्याचे आईवडील टांझानियाच्या किनाऱ्यावरच्या टांगा गावचे. वडील वारले, आई रुकियाबाई बॉनमध्ये कपडे दुरुस्त करण्याचं छोटं दुकान चालवतात. वसंतात दोघं श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे नोंदणी कचेरीत, जाऊन लग्न करणार होती. शुभदाने मनाची तयारी केली होती, मुसलमान जावई, आफ्रिकेचा जावई, मंडळात होणारी कुजबुज, सगळ्याची. तिला स्वतःच्या मोठेपणाचं थोडं कौतुकही वाटत होतं. उन्हाळ्यात, गावभर फुटबॉलचे झेंडे लागलेले असताना, तिने फोनवर सहज विचारलं, "इद्रिसच्या आईंना घेऊन कधी येतेस आपल्याकडे?" तनया म्हणाली, "आई, मी त्यांना आणणार नाहीये. त्या बाल्कनीत जेवणार नाहीत." शुभदाला आधी अर्थच लागला नाही. "बाल्कनीत कशाला जेवतील?" "आल्झो, म्हणजे मी जेवायचे तसं," तनया म्हणाली. आवाजात राग असता तर बरं झालं असतं. ती दुकानदाराशी बोलावं इतकं नीट बोलत होती. "त्यांच्याकडे सगळे एका ताटात जेवतात, आई. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला नावसुद्धा विचारायच्या आधी शेजारी बसवून घेतलं. तुम्ही लग्नाला या. पाहुण्यांसारखे या, छान होईल." पाहुण्यांसारखे! मुलीच्या लग्नात आई-बाप पाहुणे. फोन ठेवल्यावर शुभदा स्वयंपाकघरात गेली, ओटा पुसला, परत पुसला, आणि तिथेच उभं राहून रडली.

बाल्कनीची गोष्ट तशी साधी होती. तनया अकरा-बारा वर्षांची असताना शाळेच्या सहलीहून आली आणि म्हणाली, मी तिथे वुर्स्ट, म्हणजे मांसाचं सॉसेज खाल्लं, मला आवडलं, मला घरी पण पाहिजे. दुसऱ्या एखाद्या घरात आकांत झाला असता. शुभदाने केला नाही. तिने एक रात्र विचार केला आणि सकाळी जाऊन एक छोटी विजेची शेगडी, एक तवा आणि एक निळी ताटली आणली. बाल्कनीत कपाट होतं, त्यात ते मांडून दिलं. "खा हवं तर. फक्त इथे करायचं, इथे खायचं, इथेच घासायचं. आतल्या भांड्यांत मिसळायचं नाही." केवढी पुढारलेली आई! मंडळातल्या बायकांना तिने हे स्वतः सांगितलं होतं, आणि त्यांनी मानाही डोलावल्या होत्या. नवरा, प्रताप, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत होता आणि कँटीनमध्ये काय खायचं ते खात होता. त्याबद्दल घरात बोलायचं नाही, असा अलिखित करार होता. मुलीने मात्र लपवलं नाही, म्हणून तिला बाल्कनी मिळाली. एक संध्याकाळ शुभदाला फार आठवत असे. थंडीचे दिवस होते. आत ती पुऱ्या तळत होती, काच वाफेने धूसर झाली होती, आणि बाहेर तनया जॅकेट घालून, टोपी घालून, निळी ताटली मांडीवर ठेवून जेवत होती. काचेतून आईने पाहिलं तशी तिने हात हलवला. शुभदानेही झारा धरलेला हात हलवला आणि पुढची पुरी तेलात सोडली. बस्स, इतकंच. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्या फोननंतर मात्र रात्री डोळे मिटले की तो छोटा हातमोजा काचेपलीकडे हलायचा.

रुकियाबाईंना फोन करायचा विचार तिच्या मनात कसा आला, कोण जाणे. तनयाला न सांगता तिने तो नंबर मिळवला, आणि दुकानातल्या शिलाई मशीनच्या घरघरीत दोन बायका आपापल्या मोडक्या जर्मनमध्ये बोलायला लागल्या. शुभदाने ईदच्या शुभेच्छा दिल्या, मग एका दमात सांगून टाकलं, की तुम्ही आमच्याकडे या, मी तुमच्याकडचा पिलाव करणार आहे. मशीन थांबलं. "तुम्ही खात नाही ना पण?" "नाही खात." "मग मी करून आणते. गाडीत डबा धरून बसेन, काही जड नाही." किती सोपं होतं! नुसतं हो म्हणायचं. पण शुभदा म्हणाली, "नाइन, नाही. माझ्या स्वयंपाकघरात. मी करणार." रुकियाबाई कृती सांगायला लागल्या. मांस लामचं, मेंढीचं घ्या, त्यांनी आपणहून सांगितलं, आमच्याकडे बहुतेक वेळा गाईचं असतं, पण तुम्ही लामचं घ्या. ते आधी नुसतं आलं-लसणीच्या पाण्यात शिजवा. जिरं भरपूर, मिरी, लवंग, दालचिनी, वेलदोडा. हळद अजिबात नाही, तिखट नाही. "रंग कांद्याने येतो, फ्राउ शुभदा. सगळा पिलाव कांद्यात आहे. तुम्हाला वाटेल आता जळला, आता जळला, तरी थांबायचं नाही." आणि मग, जरा चाचरत, "पण चव कशी बघाल?" शुभदा म्हणाली, "आमच्याकडे देवासाठी करतो ते चाखत नाहीत. वासावर करतात. मला सवय आहे." त्यावर रुकियाबाई इतक्या मोकळ्या हसल्या, की दुकानातलं कोणीतरी काय झालं म्हणून विचारत असल्याचं ऐकू आलं. "रोज्यात आम्ही रोज काय करतो मग?" त्या म्हणाल्या. "महिनाभर न चाखता रांधते मी. जमेल तुम्हाला." तनया येणार, हे त्यांनीच ठरवून टाकलं. तिला कसं तयार केलं, ते शुभदाने विचारलं नाही. आठवड्याच्या शेवटी तनयाचा फक्त एवढाच निरोप आला, "शनिवारी येतोय. संध्याकाळपर्यंत." त्यात राग होता की नव्हता, हे शुभदाला तो पुन्हा पुन्हा वाचूनही ठरवता आलं नाही.

श्वाबश्ट्रासेला उतरून, चढणीच्या पायऱ्या चढून ती घरी आली. कोट काढला, हात धुतले, चहा टाकला, आणि चहा गाळताना पाहिलं तर पिशवी जवळ नव्हती. ती दाराशी गेली, खुर्चीवर पाहिलं, आणि मग काचेतून दिसली: बाल्कनीत, कपाटावर, अगदी नीट ठेवलेली. तिच्याच हातांनी तिला न विचारता नेऊन ठेवलेली. शुभदा काचेशी उभी राहिली. तिला स्वतःचा एवढा राग आला, की चहा तसाच ठेवून ती बाहेर गेली, पिशवी उचलली आणि आत आणून थेट ओट्यावर ठेवली, जिथे रोज ती कणीक मळत असे. ओटा काही दुभंगला नाही. कोपऱ्यातल्या फळीवरचे देव नेहमीसारखे आपापल्या जागी होते. तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि का कोण जाणे, त्यांच्यासमोरचा पडदा ओढण्याचा आलेला विचार तिने सोडून दिला. बघायचं असेल त्यांनी बघावं. प्रताप दारात येऊन म्हणाला, "मी काही करू का?" तो फार क्वचित हे विचारत असे. "कांदे चिरा," ती म्हणाली, "पातळ. आणि अहो, रडलात तरी चालेल, पण बोलू नका."

मग मांस धुवायला घेतलं. तिने नळ मोठा सोडला आणि नजर खिडकीवर ठेवली. हाताला लागत होतं ते गुळगुळीत, कुठे कठीण, आणि तिला एकदम तनयाच्या जन्मानंतरचे दिवस आठवले. न्हाऊ घालताना तेल लावलेले ते पाय, हातातून निसटणारे. छे, कसली आठवण, कशाशी! तिने डोळे मिटून घेतले आणि मग उघडले. मांस तेवढ्यात स्वच्छ झालंही होतं. आलं-लसणीच्या पाण्यात ते शिजायला लागलं, आणि घरात एक वास पसरला, जो या घरात इतकी वर्षं दाराबाहेर ठेवला होता. वाईट नव्हता. ओळखीचा नव्हता, इतकंच.

पातेलं तिने मसालेभाताचं काढलं, मंडळाच्या गणपतीचं, जाड बुडाचं. त्याबद्दल रात्री तिचं स्वतःशी भांडण झालं होतं. नवं आणावं, स्वस्तातलं, नंतर देऊन टाकावं. म्हणजे पुन्हा निळी ताटलीच की! म्हणून तेच पातेलं. तेल तापलं, आणि तिचा हात सवयीने मिसळणाच्या डब्याकडे गेला, मोहरी, हिंग, हळद. तिने हात मागे घेतला. कुर्कुमा नाइन, हळद नाही. एवढ्याने भागेना, कांदा टाकला, परतला, तर हात पुन्हा तिकडेच. शेवटी तिने डबा उचलला, त्याच्या शेजारची मिठाची बरणीही उचलली, कारण ती दोन्ही एकाच ट्रेमध्ये होती, आणि तो ट्रेच्या ट्रे वरच्या कपाटात ठेवून दार लावून टाकलं. हात मोकळा झाला.

कांदा गुलाबी झाला. तिच्या आत्याने तिला मिरजेला, महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकात, हाच रंग ओळखायला शिकवला होता. आत्या बालविधवा, सबंध जन्म दुसऱ्यांसाठी रांधलं, आणि नैवेद्य होईपर्यंत जिभेवर थेंब नाही. कढीवरची वाफ हाताने नाकाकडे घ्यायची आणि म्हणायची, "मीठ कमी आहे गं, घाल अर्धी चिमूट." आणि ते बरोबर निघायचं. लहान शुभदाला वाटायचं, ही जादू आहे. एकदा तिने विचारलं होतं, "देवीला मीठ कमी लागलं तर देवी सांगते का?" आत्या म्हणाली, "देवीच्या पानात मीठ वाढतच नाहीत. मीठ माणसाच्या पानात. सगळ्यात आधी, डाव्या हाताला. मीठ वाढलं की जेवणाऱ्याला कळतं, आपल्याला बसायचंय." कांदा आता बदामी झाला होता. मसालेभात असता तर इथेच आच कमी करायची. शुभदाचा हात बटणावर गेला, आणि तिने तो तिथेच धरून ठेवला. रुकियाबाईंचा आवाज कानात होता: थांबायचं नाही. कांदा तांबूस झाला, कडा काळपट झाल्या, घरभर खमंग, जरा कडवट धूर झाला, प्रतापने न बोलता खिडकी उघडली. जन्मभर तिने सगळं वेळेवर थांबवलं होतं. कांदा, दूध, रडणं, बोलणं, तनयाचं हट्ट करणं. पुढे गेलं की जळतं, एवढंच तिला शिकवलं होतं. आता तिच्या डोळ्यांदेखत कांदा पुढे जात होता, आणखी पुढे, चिंचेच्या रंगाचा झाला, आणि मग तिने मांसाचं पाणी ओतलं. चर्र झालं, आणि पाणी एकाएकी गडद तपकिरी झालं. हळद नाही, काही नाही, नुसता कांदा. ती चकित होऊन पाहत राहिली. मग मसाला, मांस, बटाटे, तांदूळ, आणि झाकण. वाफ सुटली तेव्हा तिने आत्यासारखी हाताने ती नाकाकडे घेतली. जिरं आलं, लवंग आली. मीठ कळलं नाही. पण या वासात मीठ कुठे शोधायचं, हे तिला ठाऊकच नव्हतं. आत्यालाही कळलं नसतं. वास चांगला आहे, एवढं तिने ठरवलं. स्वतःसाठी तिने छोट्या कुकरला वरणभात लावला.

ते आले तेव्हा अंधार पडला होता. रुकियाबाई फोनवरच्या आवाजापेक्षा लहानखुऱ्या निघाल्या. डोक्याला जांभळा रुमाल, हातात खजुराचा डबा. त्यांनी शुभदाचे दोन्ही हात हातात घेतले, वास घेतला आणि म्हणाल्या, "कांदा जमलाय." इद्रिस उंच होता, दारात वाकून आत आला आणि अवघडून हसला. सगळ्यांच्या मागून तनया. तिने आईला मिठी मारली, पण पटकन सोडली. बारीक झाली होती. केस कापले होते. "घरात कसला वास येतोय?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता, कोट काढता काढता, गप्पा चालू असतानाच बाल्कनीचं दार उघडून बाहेर गेली. शुभदाने ते पाहिलं. तनयाने कपाट उघडलं, निळी ताटली काढली, फुंकर मारून पुसली. तिला काही टोचून दाखवायचं नव्हतं. तिला तसंच माहीत होतं, मटण म्हणजे ही ताटली. ती आत आली आणि थबकली. बैठकीत सतरंजी पसरली होती. मधोमध कणकेची मोठी परात, त्यात वाफाळता पिलाव रचलेला, भोवती कचुंबर. एकच परात.

"हे काय?" तनया म्हणाली. "बस," शुभदा म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा कोरडा निघाला. तनयाने निळी ताटली बैठकीतल्या कपाटाच्या कडेवर ठेवली आणि इद्रिसच्या शेजारी, रुकियाबाईंच्या बाजूला बसली. प्रतापही बसला, गुडघ्यांची कुरकुर करत. शुभदाने आपलं स्टीलचं ताट घेतलं, वरणभात वाढून घेतला, आणि टेबलाशी खुर्चीवर बसली. तिने तसंच योजलं होतं. तुम्ही जेवा, मी इथून बघते, काय हवं-नको. तिला वाटलं होतं, तिचं काम झालं. पण खुर्चीवरून खाली पाहताना तिला चार पाठी दिसल्या, एका परातीवर वाकलेल्या, चार हात, एकमेकांना लागणारी कोपरं. रुकियाबाईंनी मांसाचा एक मऊ तुकडा काढून तनयाच्या बाजूला सरकवला, बोलता बोलता, न बघता. आणि शुभदाच्या हातातला घास हातातच राहिला. काचेपलीकडून आत बघताना कसं दिसत असेल, ते तिला आज दिसलं. इतक्या वर्षांनी, या खुर्चीवरून.

इद्रिस हळूहळू चावत होता. रुकियाबाईंनी लिंबू पिळून घेतलं, मग आणखी एक. प्रताप खाली मान घालून जेवत होता. शुभदाला कळलं, की काहीतरी बिघडलंय. काय बिघडलं हे त्या पाहुण्यांपैकी कोणीही सांगणार नव्हतं. ते सभ्यपणे सगळं संपवतील, आभार मानतील, आणि जातील, आणि ती वसंतात बॉनला पाहुण्यांसारखी जाईल. तनयाने घास गिळला. परातीकडे पाहिलं, मग वर, आईकडे. "आई," ती म्हणाली, "मीठ नाहीये."

"थोडं कमी आहे," प्रताप घाईघाईने म्हणाला, "मला तर बरं लागतंय."

"बाबा, कमी नाही. नाहीच आहे. गार निष्ट्स, अजिबात नाही." शुभदा उठली. मीठ! तिला आठवेना, मग आठवलं: हळदीच्या पाठोपाठ मीठ, आयुष्यभर, त्याच हाताने. हळद डांबून ठेवली आणि मीठही तिच्याबरोबर कपाटात गेलं. देवासमोर कधी चुकलं नाही, आणि इथे, नेमकं आज. "मी... मला चाखता आलं नाही," ती म्हणाली, मराठीत. तनया आईकडे बघत राहिली. तिचा चेहरा बदलला. शुभदाने स्वतः, याच घरात, याच हातांनी हे केलंय, हे तिला आता कळलं असावं. दारातून आल्यापासून तिने बहुधा असंच धरलं होतं, की बाहेरून कुठूनतरी मागवलंय. "हे तू केलंस?" तिने विचारलं. "तू? आत?" रुकियाबाईंना भाषा कळत नव्हती, पण प्रकार कळला. त्या हसायला लागल्या. "रोज्यातला पिलाव!" त्या म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यात माझा दर वर्षी असाच होतो. कांदा मात्र माझ्यापेक्षा चांगला आहे. मीठ आणा, मीठ."

शुभदाने वरच्या कपाटातून बरणी काढली. परातीभोवती गुडघे टेकून ती फिरली आणि प्रत्येकासमोर, परातीच्या कडेला, डाव्या हाताला, चिमूट चिमूट मीठ वाढलं. रुकियाबाईंना, इद्रिसला, प्रतापला, तनयाला. मग उभी राहिली. रुकियाबाई जराशा सरकल्या आणि आपल्या नि तनयाच्या मधली जागा हाताने थोपटली. "बसा." "मी मांस खात नाही," शुभदा म्हणाली. "माहीत आहे मला. बसा."

ती टेबलापाशी गेली. स्टीलच्या ताटात वरणभात तसाच होता. मग तिची नजर कपाटाच्या कडेवर गेली. निळ्या ताटलीवर सुरीच्या ओरखड्यांची जाळी होती, एका बाजूला टवका उडालेला. इतक्या वर्षांत तिने ती एकदाही हातात घेतली नव्हती; घासलीसुद्धा तनयानेच होती. तिने ती उचलली. हलकी होती, लहान मुलीच्या हाताला पेलेल अशी. तिने त्या ताटलीत आपला वरणभात काढला, त्यावर तूप घातलं, आणि येऊन दोघींच्या मध्ये मांडी घालून बसली. पिलावाचा वास अगदी नाकाशी होता.

तनया ताटलीकडे पाहत होती. ओठ घट्ट मिटले होते, लहानपणी रडू आवरताना मिटायचे तसे. रुकियाबाई इद्रिसशी आपल्या भाषेत मुद्दाम काहीतरी बोलत राहिल्या. मग तनयाने बरणी जवळ ओढली. "थांब गं," ती म्हणाली, "तुला वाढलंच नाही कोणी." आणि तिने चिमूटभर मीठ निळ्या ताटलीत वाढलं, डाव्या बाजूला.